१४२८५७ : एका संख्येचा पाठ

ज्या वर्गाचा गुणाकार पक्का झाला आहे, त्या वर्गात फळ्यावर १४२८५७ ही संख्या लिहावी आणि तिला क्रमाने २ ते ६ यांनी गुणावयास सांगावे. २८५७१४, ४२८५७१, ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२ : अंक तेच, फेरीही तीच, आरंभ मात्र निराळा. हातचा चुकला की फेरी मोडते व मुलास आपली चूक आपणच सापडते. मग ७ ने गुणवावे. उत्तर ९९९९९९. बोईसर-तारापूरकडील वर्गांत कारखान्यांमुळे अनेक भाषांची मुले असतात. या पाठात त्यांनी मागे राहण्याचे कारण नाही.

परंतु येथेच थांबल्यास तो जादूचा खेळ होईल. दशांश शिकलेल्या मुलांस कारण अवश्य दाखवावे. १ ला ७ ने भागीत जावे. बाक्या ३, २, ६, ४, ५, १ अशा येतात. शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात. पुनः १ आली की १४२८५७ हेच अंक फिरू लागतात. ३ ला भागल्यास आपण त्याच फेरीत एक पायरी पुढून शिरतो, म्हणून ४२८५७१.

या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ व १२२४४९ असे भाग करून मिळवावे, पुनः १४२८५७! अशा संख्यांस ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली आपल्या डहाणूस जन्मले व देवळालीस शाळामास्तर होते. लहान मुलांस ४५ पुरे : वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ५५ व ९९ त्यांनीच पडताळावे.