‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ : माझ्या संगणकाचा एक धडा

१९८७मध्ये बडोद्याला आमच्या घरी एक जुना झेडएक्स स्पेक्ट्रम आला. ४८ किलोबाइट स्मृती, पडदा म्हणून घरचाच टीव्ही, आणि प्रोग्रॅम साठवायला गाण्यांच्या कॅसेटी. त्यात स्वतः आखता येतील अशी अक्षरे होती २१. प्रत्येकासाठी आठ बाय आठ ठिपक्यांची चौकट. वरची ओळ शिरोरेषेला दिली की मात्रेला जागा उरेना. तरी ‘क’ उमटला तेव्हा आत्या पोळ्या लाटायचे सोडून पाहायला आली होती.

त्याच आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी १९९७मध्ये संगणकावर टंकल्या. तेव्हाच्या बहुतेक मराठी फॉन्टांत देवनागरीची रूपे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी नुसता रोमन पसारा. पुढे नव्या संगणकावर ते सॉफ्टवेअर चालेना, विकणाऱ्याचे दुकानही उठले होते. आत्या तोवर गेली. हाती उरल्या फायली आणि एक छापील पान.

एव्हाना मी लिनक्स वापरू लागलो होतो. इंग्रजीतल्या ‘फ्री’ने घोटाळा होतो, मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन शब्द आहेत, आणि इथे दुसरा अभिप्रेत आहे. मुक्त सॉफ्टवेअर कशासाठीही चालवावे, उघडून अभ्यासावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे. ते पान शेजारी ठेवून मी पायथनमध्ये रूपांतराचा प्रोग्रॅम लिहिला. खरी कटकट क्रमाची. जुन्या फॉन्टात ‘कि’ची वेलांटी आधी, ‘क’ मागून. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी. रफाराचे नेमके उलट: ‘सूर्य’मधला ‘र’ युनिकोडमध्ये ‘य’च्या आधी येतो, जुन्या फॉन्टात नंतर.

प्रोग्रॅम ओळखीच्यांना वाटला. इंदूरच्या एका शिक्षिकेने कळवले, “तुमच्या आत्याबाई ‘वार्याने’ म्हणत नसणार हो!” चूक माझीच होती. रफार आणि ‘ऱ्य’मधला आडवा र, दोन्ही मी एकाच रीतीने साठवले होते. म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या झाला, समुद्र! आडव्या रसाठी युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’. साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊनही तोच आकार उमटतो, पण शोध घेताना ही दोन रूपे जुळतीलच असे नाही. शिक्षकांनी वर्गात एकच शब्द दोन्ही रीतींनी लिहून शोधून पाहावा. मुलांना हसू येते आणि मुद्दाही कळतो.

बाईंनी नुसती चूक दाखवली नाही. प्रोग्रॅम उघडून दोन ओळी बदलून धाडल्या. त्यांचा विषय मराठी, संगणक नव्हे.

ओव्या आता वाचता येतात. तीन ठिकाणच्या खुणा मात्र त्या छापील पानावर नव्हत्या. तिथे जागा कोरी ठेवली आहे. दिवाळीत आत्याची मुलगी येईल, तेव्हा त्या ओव्या तिला वाचून दाखवीन. कदाचित तिला पुढचे आठवेल.