युद्धकाळातील मुलाखत : ऐकावी कशी?

नववीच्या इतिहासाच्या तासाला आम्ही इंदिरा गांधींची १९७१ सालची एक मुलाखत पडद्यावर दाखवली. त्यांचे उत्तर संपताच वर्गाने टाळ्या वाजवल्या. आम्ही विचारले, "छान! पण प्रश्न काय होता?" सगळा वर्ग गप्प. म्हणून हा लेख.

पार्श्वभूमी

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, कत्तल सुरू केली. त्या वर्षात सुमारे एक कोटी माणसे जीव मुठीत धरून भारतात आली. परदेशी वार्ताहरांना ढाक्यातून घालवून दिले होते. एप्रिलमध्ये पाकिस्तान सरकारने आपल्या आठ पत्रकारांना तिकडे फिरवून आणले. त्यांत अँथनी मास्करेन्हास होते. गोव्याकडच्या घराण्यातले, १९२८ मध्ये आपल्या बेळगावात जन्मलेले आणि कराचीत शिकलेले. पाहिलेले खरे पाकिस्तानात छापता येणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी लंडन गाठले, बायकामुलांना सुखरूप बाहेर काढले आणि १३ जून १९७१ रोजी 'संडे टाइम्स'मध्ये त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तो वाचून आपण हादरलो आणि युरोपात व मॉस्कोत स्वतः जाऊन भारताची बाजू मांडायची ठरवली, असे इंदिरा गांधींनी पुढे त्या पत्राचे संपादक हॅरल्ड इव्हान्स यांना सांगितले.

मुलाखत

ऑक्टोबरच्या अखेरीस त्या पाश्चात्त्य देशांच्या दौऱ्यावर निघाल्या. लंडनमध्ये बीबीसीच्या मायकेल चार्लटन यांनी त्यांची मुलाखत घेतली. प्रश्नाचा रोख असा होता : भारताने संयम राखला, गनिमांचा पाठिंबा काढून घेतला, तर तणाव कमी होणार नाही का? बाईंनी उलट विचारले, म्हणजे कत्तल चालू द्यायची का? आधी कत्तल झाली, गनीम नंतर आले. हिटलर थैमान घालत होता तेव्हा तुम्ही गप्प का बसला नाहीत?

उत्तर बिनतोड होते. ब्रिटिश श्रोत्याला त्याच्याच इतिहासाची आठवण करून दिली होती.

न सांगितलेले

पण नीट पाहा. गनिमांना भारताची मदत आहे का, याचे सरळ उत्तर त्यात नव्हते. मुक्तिवाहिनीला तेव्हा भारतीय हद्दीत शस्त्रे आणि शिक्षण मिळत होते; आपल्या सैन्याची तयारीही चालू होती. पंतप्रधान हे परक्या दूरचित्रवाणीवर कसे सांगतील? म्हणजे युद्धकाळात मुलाखत ही माहिती असते, तशीच ती परराष्ट्र धोरणाचे हत्यारही असते. बाजू न्याय्य असली तरी हे खरेच.

हत्याराला मर्यादाही असते. अमेरिकेच्या निक्सन सरकारने आपले धोरण बदलले नाही. डिसेंबरात त्याने 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. ३ डिसेंबरला सुरू झालेले युद्ध १६ डिसेंबरला ढाक्यातील शरणागतीने संपले.

आपण काय करावे?

हल्ली घरोघरी रात्री युद्धाच्या बातम्या लागतात. पालकांनाही विनंती, मुलांसोबत बसून चार गोष्टी तपासा : प्रश्न नेमका काय होता? त्याचे उत्तर मिळाले का? मुलाखत कोणत्या तारखेची, तेव्हा रणांगणावर काय चालले होते? आणि ती कोणाला ऐकवायची होती?

वर्गातल्या काहींनी चार्लटन यांना शत्रूच ठरवले. आम्हाला ते पटत नाही. अवघड प्रश्न विचारणे हे त्यांचे कामच होते. मास्करेन्हास पाकिस्तानी नागरिक होते, तरी त्यांनी स्वतःच्या सरकारबद्दल खरे लिहिले आणि घरदार सोडले. परक्याच्या सरकारला प्रश्न विचारणे सोपे असते, आपल्या सरकारला विचारणे अवघड. टाळ्या जरूर वाजवा, पण प्रश्न ऐकून झाल्यावर.

स्वाध्याय : या आठवड्यात एक मुलाखत पाहा. फक्त प्रश्न वहीत लिहा. मग उत्तरे पुन्हा ऐका आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला ते वर्गात सांगा.