कडी मिटायची कशी

पोरी, कड्यांचं विणकाम नंतर बघू, आधी कडी मिटायला शीक. जुन्या चिलखतात कडीची टोकं चपटी करून एकावर एक चढवत आणि त्यात बारीक रिवेट ठोकत. तुझ्या ब्रेसलेटमध्ये टोकाला टोक नुसतं भिडलेलं असणार, तेव्हा सगळी भिस्त त्या सांध्यावर.

दोन पकडी घे, बिनदात्यांच्या. दात्यांच्याच असतील तर जबड्यांना चिकटपट्टी गुंडाळ, नाहीतर कडीकडीवर ओरखडे उठतील. उघडताना टोकं डावी-उजवीकडे फाकवायची नाहीत, गोलाई बिघडते ती बिघडतेच. एक टोक पुढे, दुसरं मागे, बस्स. मिटताना टोकं एकमेकांच्या जराशी पुढे जाऊ दे आणि आत दाबत परत आण. तार थोडी मागे येतेच, पण अशाने ती मागे येऊनही टोकं भिडलेलीच राहतात. मग सांध्यावरून नख फिरव. नख अडलं तर उद्या ओढणी अडेल, शिफॉनची तर हमखास. कटरने तोडलेलं टोक टोचरं राहतं; सोनारी करवतीने कापलेलं सपाट बसतं. करवतीला वेळ लागतो, लागू दे.

तार घेताना दुकानात गेज सांगू नकोस, मिलिमीटर सांग. 18 गेज ब्रिटिश मापात 1.22 मिमी, अमेरिकन मापात 1.02. सुरुवातीला 1.2 मिमीची अॅल्युमिनियमची तार आणि सहा नंबरची विणायची सुई घे. ती 5 मिमीची असते; तिच्यावर तार गुंडाळायची आणि त्या गुंडाळीच्या कड्या कापायच्या. कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी, उत्तर चारच्या आसपास आलं की एका कडीत चार कड्या नीट बसतात. तीनच्या खाली गेलीस तर कड्या शिरायलाच तयार नसतात. सहाच्या वर जाळी लोंबते. सुईवरून काढल्यावर गुंडाळी जराशी फुलते, म्हणून सुई नव्हे, कडी मोजायची.

विणलेली पट्टी एका दिशेने ताणते, दुसऱ्या दिशेने जवळजवळ नाहीच. मनगटाभोवती ताणणारी दिशा येऊ दे.

गॅल्व्हनाइज्ड तार स्वस्त मिळते, पण अंगावर घालायला नको, आणि तापवायची तर मुळीच नाही. जस्ताचा धूर वाईट. निकेलने कुणाकुणाला खाज सुटते, भेट देताना आधी विचार. तांबं घामाने काळवंडलं तर चिंचेचं पाणी लाव, धू आणि कड्यांच्या आतपर्यंत सुकव. रंगीत अॅल्युमिनियमला मात्र चिंच नको, धुण्याचा सोडाही नको, रंग जातो. साधा साबण पुरतो.