हेडफोनची वायर घरी जोडा, पण दर ठरवून

या वेळच्या व्हिडिओत हेडफोनची तुटलेली वायर जोडून दाखवली. व्हिडिओत हात दिसतात, हिशेब दिसत नाही. म्हणून हे थोडं लिहून देतोय. घरून रिपेअरिंगचं काम सुरू करायचं असेल तर सुरुवात इथून करा. सामान थोडं लागतं आणि हात चुकला तरी फार नुकसान होत नाही.

आधी बिघाड शोधा. गाणं लावा आणि पिनपासून सुरू करून वायर बोटांनी हळूहळू वाकवत वर जा. जिथे आवाज खरखरेल किंवा येईल-जाईल, तिथे तार तुटलीय. बहुतेक वेळा ती पिनजवळच तुटते, कारण सगळा ताण तिथे येतो. एक गमतीची खूण सांगतो. वाद्यं ऐकू येतायत पण गायकाचा आवाज गायब आहे, तर दोन्ही बाजूंची सामाईक अर्थ वायर तुटली समजा. गायकाचा आवाज सहसा डावी-उजवीकडे सारखाच असतो. अर्थ तुटली की दोन बाजूंमधला फरक तेवढा ऐकू येतो. न उघडता हे गिऱ्हाइकाला सांगितलंत तर त्याचा विश्वास तिथेच बसतो.

वायर कापली की आत बारीक रंगीत तारा दिसतात. साधारणपणे लाल उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांब्याच्या रंगाची अर्थ. हा रंग म्हणजे इनॅमलचा लेप असतो आणि नवीन माणूस इथेच फसतो. तारा पिळून जोडतो, टेप मारतो, आवाज काही येत नाही! लेप जाळावाच लागतो. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नवर सोल्डरचा थेंब घ्या, तारेच्या टोकाला पेस्ट लावून त्यात काही सेकंद धरा. टोक चंदेरी झालं की काम झालं. तारांमध्ये नायलॉनचा धागा असेल तर तो कापून टाका. खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा. सोल्डरमध्ये शिसं असतं.

तीन भागांच्या ३.५ मिमी पिनमध्ये टोक डावं, मधलं कडं उजवं, मागचा भाग अर्थ. माइकवाली पिन चार भागांची असते. हल्लीच्या बहुतेक फोनसाठी तिसरा भाग अर्थ, चौथा माइक. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून मल्टिमीटर लावून खात्री करा. लाल आणि अर्थच्या मध्ये बऱ्याचदा १६ किंवा ३२ ओहमच्या आसपास आकडा येतो आणि उजव्या कानात हलकं 'टिक' ऐकू येतं.

आता माझी फजिती. सुरुवातीला सिडकोतल्या एका मुलाचा हेडफोन घेतला. जोड एकदम सुंदर झाला, आणि मग लक्षात आलं, पिनचं कव्हर आणि हीट श्रिंक ट्यूब वायरमध्ये आधी ओवायची राहिली! सगळं तोडून पुन्हा. दोन तास गेले आणि घेतले किती? वीस रुपये. पिनचेसुद्धा सुटले नाहीत.

म्हणून दर आधी ठरवा. समजा पिन २० रुपये, सोल्डर-ट्यूब ५, वेळ ४० मिनिटं. तासाला १५० धरले तर मजुरी १००, एकूण १२५. मग दीडशेचा इअरफोन घेऊन कुणी आलं तर काय करायचं? "दादा, नवीनच घ्या," असं सरळ सांगायचं. काम सोडायला जीवावर येतं, पण तो माणूस पुढच्या वेळी महागाची वस्तू तुमच्याकडेच आणेल. वॉरंटीतला हेडफोन उघडूच नका. वायर निघणारी असेल तर नवी वायर द्या, उगाच डाग देत बसू नका.

तुमचं गिऱ्हाईक म्हणजे दोन-तीन हजारांचा हेडफोन रोज वापरणारा: संगीत क्लास, व्हिडिओ एडिटिंग करणारी मुलं, ऑनलाइन शिकवणारे शिक्षक. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर मोबाइलची इतकी दुकानं आहेत. तिथे जाऊन विचारा, "वायर जोडायचं काम आलं तर माझ्याकडे पाठवाल का?" त्यांचा वाटा आधी बोलून घ्या, आणि तो तुमच्या १२५ च्या वर धरा.

बिलावर 'जोडाची ३० दिवस हमी, स्पीकरची नाही' असं लिहा. घरातल्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या जुन्या इअरफोनवर आधी दहा जोड करून बघा. जिथे अडाल तिथला फोटो काढून ठेवा, पुढच्या व्हिडिओत तेच घेऊ.