नाकावरचा एक ग्रॅम

उल्हासनगरला माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ड्रोन ठेवताना गिऱ्हाईक बहुधा आधीच सांगून टाकतं, ‘दादा, पडलाबिडला नाही हं.’ लग्नसराईत ते पुष्कळदा खरंही असतं. पंखे शाबूत, अंगावर ओरखडा नाही, कॅमेऱ्याने मात्र मान टाकलेली. मग मी विचारतो, फिल्टर कोणता लावता?

अंबरनाथच्या एका व्हिडिओवाल्याचा ड्रोन असाच आला होता. एप्रिलची भर दुपारची वरात. त्याने प्रकाश कमी करणाऱ्या एनडी फिल्टरवर पोलरायझरही चढवला. मोबाइलवर जिंबलच्या, म्हणजे कॅमेरा सरळ धरणाऱ्या यंत्रणेच्या, मोटरवर ताण आल्याचा इशारा आला. त्याने ड्रोन बंद करून पुन्हा चालू केला. इशारा गेला आणि परत आला. नवरदेव घोड्यावर बसेपर्यंत ड्रोन तसाच चालू स्थितीत उन्हात जमिनीवर. कॅमेरा वरखाली करणारी मोटर त्या दिवशी गेली.

फिल्टर लावू नका, असं मी म्हणणार नाही. बऱ्याच छोट्या ड्रोनना लेन्सचं छिद्र कमी करता येत नाही. एफ २.८ ला, आयएसओ १०० वर, कडक उन्हात शटर १/३२०० च्या आसपास जातं आणि नाचणारी माणसं तुटक दिसतात. २५ फ्रेमच्या व्हिडिओला १/५० हवं. हा फरक सहा स्टॉपचा, म्हणजे एनडी६४. पावसाळी ढगात एनडी८ पुरतो, कधी तोही नको.

लोक काचेच्या आकड्यावर तासभर वाद घालतात. वजन कोणी करत नाही. भरलेला तांब्या छातीशी धरला तर काही वाटत नाही, हात लांब करून धरला की दंड भरून येतो. जिंबलच्या मोटरचं तेच होतं. लेन्सच्या टोकावर एखाद-दोन ग्रॅम वाढले की ती कॅमेरा सरळ ठेवण्यासाठी सतत करंट ओढते, अगदी ड्रोन एका जागी स्थिर असतानाही. हवेत निदान वारा लागतो. जमिनीवर तोही नाही, म्हणून मोटर तापते. आधी क्षितिज तिरकं होतं, मग चित्र थरथरतं. इशारा येतो तोवर बराच उशीर झालेला असतो.

म्हणून तपासायचं ते ड्रोन बंद असताना. जिंबलचं कव्हर काढा, ड्रोन हातात सपाट धरा आणि फिल्टरशिवाय कॅमेरा कसा लोंबतो ते बघा. आतल्या रिबनचा थोडा ताण असतोच, त्यामुळे तो अगदी मधोमध राहील अशी अपेक्षा नको. मग फिल्टर लावून बघा. नाक झपकन खाली गेलं तर तो फिल्टर त्या कॅमेऱ्याचा नव्हे. कॅमेरा बोटाने पूर्ण खालीवर फिरवून फिल्टरची चौकट जिंबलच्या दांडीला घासत नाही ना, हेही बघा. ज्या मॉडेलला कंपनीची पुढची रिंग निघते, तिथे ती काढून फिल्टर बसवावा, वर चढवू नये. आणि बसवायचा तो ड्रोन चालू करण्याआधी, कॅमेरा दोन बोटांत धरून. चालू मोटरशी झोंबाझोंबी करून फिल्टर पिळणारे रिबन तोडून घेतात.

जुन्या, मोठ्या ड्रोनना मागे वजन लावून तोल साधता येतो. मी सोल्डरच्या तारेचा छोटा तुकडा डबल टेपने कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटवतो, उष्णता बाहेर जायची जागा सोडून. लोखंडी नट किंवा वायसर कधीच नाही. मोटरमध्ये चुंबक असतात आणि होकायंत्रही बिघडतं.

२४९ ग्रॅमच्या ड्रोनला मात्र हा उपाय करू नका. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, आणि अंगावरचा फिल्टरही वजनात धरला जातो. मायक्रो ड्रोनवर पैसे घेऊन काम करायचं तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. सोनाराकडे असतो तसा खिशातला काटा घ्या आणि फिल्टरसकट तोला. उडवण्याआधी हवाई क्षेत्राचा नकाशाही बघा: अंबरनाथला आयुध कारखाना आहे, आणि १०६० सालचं शिवमंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. प्री-वेडिंगवाल्यांना त्या कोरीव भिंतींवरून ड्रोन फिरवायचा मोह होतो, आधी परवानगी.

काही अपवाद सोडले तर फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुटे भाग तेवढे येतात. म्हणजे ‘जळला तर नवा घेऊ’ हेही सोपं नाही.

बदलापूरहून लोकलने येणाऱ्यांना आणखी एक. काम संपलं की फिल्टर काढून डबीत ठेवा, मगच जिंबलचं कव्हर लावा. फिल्टरसकट कव्हर दाबून बसवलं आणि गर्दीत बॅग चेपली, तर सगळा दाब थेट जिंबलच्या दांडीवर येतो. वाकलेली दांडी सरळ करून द्या, असं मला बरेच जण सांगतात. ती सरळ होत नाही, बदलावीच लागते.