तेलाचा तवंग



आपला यवतमाळ जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे. समुद्रात तेल सांडले तर आपले काय बिघडते, असे तुम्हांला वाटेल. या प्रश्नाचे उत्तर एका माहितीपटाच्या मदतीने शोधू या. माहितीपट म्हणजे खऱ्या घटनेवरचा, खऱ्या माणसांचा चित्रपट.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. ११ कामगार मरण पावले. समुद्राच्या तळातून ८७ दिवस तेल वाहत राहिले. या घटनेवर मार्गारेट ब्राउन यांनी ‘द ग्रेट इनव्हिजिबल’ हा माहितीपट काढला. तो २०१४ साली प्रदर्शित झाला. त्यात त्या वाचलेल्या कामगारांना आणि मृतांच्या नातेवाइकांना भेटतात. शिंपले फोडून कालवे काढणाऱ्या मजुरांकडेही जातात. समुद्रातील काम थांबले, तेव्हा या मजुरांचे हातही रिकामे झाले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू या. त्याच वर्षी ७ ऑगस्टला मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या मालवाहू जहाजांची टक्कर झाली. खलाशी वाचले, परंतु सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. तवंग उरण, अलिबागच्या किनाऱ्यांपर्यंत पोहोचला. माशांची पिल्ले जिच्या आश्रयाने वाढतात, ती खारफुटी तेलाने माखली. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. पावसाळ्यातील बंदीनंतर कोळी बांधव होड्या पुन्हा समुद्रात लोटणार होते. नेमके तेव्हाच लोक मासे विकत घ्यायला कचरू लागले.

‘नुकसान’ हा शब्द तुम्हांला उर्दूतून ओळखीचाच आहे. पण नुकसानीचा हिशेब सोपा नसतो. जहाजाची किंमत कागदावर असते, त्याचा विमाही असतो. टोपली घेऊन दारोदार मासे विकणाऱ्या बाईकडे मात्र कमाईची पावती नसते. भरपाईसाठी पुरावा मागितला, की ती मागे राहते.

तुम्ही कापसाच्या मुलखातले आहात. पीक बुडाले की शेतकऱ्याचे नुकसान होतेच. शिवाय कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी आणि जिनिंगमधल्या हमालांचे कामही बुडते. पंचनामा शेताचा होतो. वेचणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीचा होत नाही. कोळीवाडा दूर असला, तरी ही गोष्ट आपल्या गावातलीच आहे.

म्हणून अशा अपघाताचा माहितीपट पाहाल किंवा बातमी वाचाल, तेव्हा किती टन तेल सांडले एवढेच पाहू नका. कोणाची चूल पेटली नाही, हेही विचारा.

शब्दार्थ
तवंग – पाण्यावर पसरलेला तेलाचा थर
खारफुटी – खाऱ्या पाण्याच्या चिखलात वाढणारी झाडे
कचरणे – भिऊन मागे सरणे
पंचनामा – नुकसानीची जागेवर जाऊन केलेली लेखी नोंद

स्वाध्याय
१. मासे विकणारी बाई भरपाईत मागे का राहते?
२. तुमच्या गावात पीक बुडाल्यावर कोणाकोणाचे काम थांबते? घरी विचारून पाच वाक्ये लिहा.