गाडीची शेपटी का हलते?

नवी मुंबईत वाशीहून बेलापूरकडे खाडीच्या कडेने जाणारा पाम बीच मार्ग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. समजा, नेरुळचे एक काका सुटीच्या दिवशी सकाळी आपली जुनी ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार घेऊन या मार्गाने निघाले आहेत. वेग बेताचाच आहे. डावीकडे वळणारा एक लांबट बाक येतो. पुढे एक वाहन दिसते म्हणून काका ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतात, आणि त्याच क्षणी गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला सरकतो. काका गाडी सावरतात, पण त्यांच्या हातापायांना घाम फुटतो. गंमत अशी, की उजवीकडच्या वळणावर असे काहीच होत नाही.

काकांना तीन सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, शॉक-ॲब्सॉर्बर बदला. दुसरा म्हणतो, टायर बदला. तिसरा म्हणतो, या जातीच्या गाडीची रचनाच सदोष. ती विकून टाका! यांपैकी खरे कोणाचे? चला, आपणच शोध घेऊ. मात्र आधी एक छोटा प्रयोग करू.

साधारण एक मीटर लांबीची गुळगुळीत फळी पुस्तकांच्या चळतीला टेकवून उतार तयार करा. हातात मावेल एवढी, चाके सहज फिरणारी खेळण्यातली मोटार घ्या. तिची पुढची दोन चाके चिकटपट्टीने जाम करा आणि तोंड खाली करून ती उतारावरून सोडा. गाडी घसरत जाईल, पण बहुतेक सरळच जाईल. आता पुढची चाके मोकळी करून मागची जाम करा व पुन्हा सोडा. गाडी गर्रकन फिरेल आणि शेपटी पुढे करून खाली येईल!

असे का व्हावे? फिरणारे चाक पुढे सहज जाते, पण आडवे सरकायला विरोध करते. जाम झालेले चाक मात्र कोणत्याही दिशेला सारख्याच सहजतेने घसरते. गाडी जराशी तिरकी झाली, की मागच्या चाकांची आडवी पकड तिला पुन्हा सरळ करते. ती पकड गेली, की तिरकेपणा वाढतच जातो. बाणाला मागे पिसे लावतात ती याचसाठी. गाडी वळवण्याचे काम पुढची चाके करतात, पण तिला स्थिर ठेवण्याचे काम मागची चाके करतात. म्हणून मागची पकड सुटणे अधिक धोक्याचे.

आता काकांच्या गाडीकडे वळू. पाय उचलताच इंजिन गाडीला मागे ओढू लागते, तिचा वेग कमी होतो आणि मागचा काही भार पुढच्या चाकांवर जातो. किती, ते काढता येईल. गाडीचे वस्तुमान ७५० किलोग्रॅम, गुरुत्वमध्याची उंची ०.५ मीटर, पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर २.१ मीटर आणि मंदन दर सेकंदाला सेकंदागणिक ३ मीटर माना. मग सरकणारा भार = ७५० × ३ × ०.५ ÷ २.१, म्हणजे सुमारे ५३६ न्यूटन. हे जवळजवळ ५५ किलोग्रॅमचे वजन झाले! डब्यातून एक माणूस मागच्या बाकावरून उठून पुढच्या बाकावर बसावा, तसेच हे. भार घटला की मागच्या टायरांची पकडही घटते. पण हे तर दोन्ही वळणांवर सारखेच घडते. मग दोष एकाच वळणावर का?

तिसऱ्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे. १९५९ साली ब्रिटनमध्ये ट्रायम्फ हेराल्ड ही मोटार निघाली. १९६१ पासून ती मद्रासला 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने तयार होऊ लागली. स्पिटफायर ही १९६२ ची, हेराल्डच्याच सांगाड्यावरून बेतलेली. मुंबईच्या जुन्या पद्मिनी टॅक्सीला मागे एकसंध आस असे. दोन्ही चाके त्याने जखडलेली. हेराल्ड आणि स्पिटफायरमध्ये मात्र आसाचे दोन भाग असून ते मधल्या सांध्यांपासून पक्ष्याच्या पंखांसारखे वरखाली होतात. जोरात वळताना गाडीचे अंग उचलले गेले, तर बाहेरचे चाक तिच्या पोटाखाली दुमडू लागते. टायर पूर्ण रुंदीने न टेकता कडेवर टेकतो आणि पकड अचानक सुटते. स्पिटफायरमध्ये १९७० साली आडव्या पाट्याची बांधणी बदलून हा दोष बराच कमी केला गेला. भारतात १९७२ साली आलेल्या स्टँडर्ड गझेलला तर एकसंध आसच दिला होता.

पण विचार करा : रचनेचा दोष दोन्ही बाजूंना सारखा असतो. काकांची तक्रार फक्त डाव्या वळणाची आहे, आणि तीही बेताच्या वेगात. तेव्हा केवळ रचनेला दोष देऊन भागत नाही. एका बाजूचेच काहीतरी बिघडले असले पाहिजे. डाव्या वळणावर बाहेरचे, म्हणजे उजवे चाक जास्त भार वाहते. संशय त्याच्यावर!

तपासणीचा नियम असा : सोपे व स्वस्त आधी, आणि एका वेळी एकच गोष्ट. प्रथम टायर पाहू. ते थंड असताना चारही टायरांतली हवा मोजली. ती बरोबर आहे. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर फारसे जुने नाहीत. मग गाडीचा मागचा प्रत्येक कोपरा दाबून सोडला. एकदा वर येऊन तो स्थिरावला. डुलत राहिला असता, तर शॉक-ॲब्सॉर्बरवर संशय घेतला असता. शिवाय त्यांचा दोष खाडीपुलाच्या सांध्यांवरून जातानाही जाणवायला हवा होता. तसे काकांनी काही सांगितलेले नाही.

आता शेवटची तपासणी. प्रत्येक मागच्या चाकापासून पुढे एक पोलादी दांडी जाते. चाक पुढेमागे होऊ नये म्हणून ती असते. तिच्या टोकांना रबरी बुश असतात. गाडी सपाट जमिनीवर उभी करून पुढच्या चाकांना अडण लावले, हँडब्रेक सोडला आणि उजवे मागचे चाक मिस्त्रींनी धरून पुढेमागे हिसडले. पाहतो तो दांडीचे टोक बुशात चांगलेच हलते आहे! रबर चिरून पोकळ झाले आहे. डाव्या बाजूचे मात्र घट्ट आहे.

आता सगळ्या खुणा जुळतात. पाय उचलला, की ओढीमुळे उजवे चाक किंचित मागे सरकते. त्याचा आस मधल्या सांध्याशी अडकलेला असल्याने चाकाचे तोंड बाहेरच्या बाजूला, उजवीकडे वळते. डाव्या वळणावर सर्वांत जास्त भार वाहणारे हेच चाक गाडीची शेपटी वळणाबाहेर नेऊ लागते. उजव्या वळणावर ते आतले, हलक्या भाराचे चाक असते; म्हणून तेव्हा त्याचे फारसे चालत नाही. महागडे शॉक-ॲब्सॉर्बर मागवले असते, तर पैसे गेले असते आणि धोका तसाच राहिला असता. दोष होता तो मूठभर रबराचा.

जुनी गाडी घरी असेल, तर अशी तपासणी मोठ्या माणसांबरोबर आणि जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीच करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. दोषाची परीक्षा रहदारीच्या रस्त्यावर वेगाने गाडी हाकून घेणे हा तर निव्वळ वेडेपणा होय.

जाता जाता एक प्रश्न. गाडीसाठी दोनच नवे टायर आणले, तर ते पुढे बसवावेत की मागे? 'वळवतात ती पुढची चाके, म्हणून पुढे,' असे पुष्कळ जण सांगतील. तुम्ही मात्र फळीवरचा प्रयोग आठवा आणि त्यांना मागेच बसवायला सांगा.